टोपीकर आले, ते मुलांना कसे सांगावे?



युरोपातले लोक आपल्या देशात कसे आले, हा धडा आठ-नऊ वर्षांच्या मुलांपुढे मांडणे सोपे नाही. पोर्तुगाल कुठे आणि कालिकत कुठे! आपल्या आजऱ्याकडच्या पुष्कळ मुलांनी तर समुद्रही पाहिलेला नसतो. मग नावे आणि सनावळी पाठ होतात आणि परीक्षा संपली की विसरतात. म्हणून माझी सूचना अशी, की धडा पुस्तकापासून सुरू करूच नये. तो काजूच्या बीपासून सुरू करावा.

आजरा भागात माळावर काजू आहे, काजू फोडण्याचे कारखाने आहेत. बीचा चीक हाताला लागला म्हणजे काय होते, हे मुलांना आपल्याइतकेच ठाऊक असते. त्यांना विचारा, ‘हे झाड इथले की बाहेरचे?’ बहुतेक जण म्हणतील, ‘इथलेच!’ मग सांगा, की पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले आणि त्याचे नावही त्यांच्याच तोंडून आपल्याकडे आले. मिरची, बटाटा, तंबाखू हीसुद्धा मूळची अमेरिकेतली. आपल्या स्वयंपाकात त्याआधी तिखटाला मिरी असे. गंमत बघा, मिरीच्या शोधात आलेल्या लोकांनी आपल्याला मिरची दिली!

मग शब्दांकडे वळावे. चावी, साबण, घमेले, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, हे ऐकून मुले हसतील. हसू द्या. नंतर सांगा, की लिलाव आणि तुरुंग हे शब्दही त्यांचेच. असे शब्द आपल्याला का घ्यावे लागले, याचा विचार मुलांनाच करू द्या. थोडे थांबलात तर एखादे मूल बरोबर उत्तर देईल.

वास्को द गामा १४९८ साली कालिकतजवळ उतरला. त्याने ‘भारताचा शोध लावला’ असे आपण सहज म्हणून जातो. हे मात्र टाळावे, बरं का. आपला देश काही हरवलेला नव्हता. युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून इकडे येण्याची सागरी वाट त्यांना सापडली, इतकेच. तीसुद्धा सगळी त्यांची नव्हे; आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला त्याने वाटाड्या घेतला होता. आंबोलीचा घाट चढून एखादा पाहुणा पहिल्यांदाच आजऱ्याला आला, तर त्याने आजऱ्याचा शोध लावला असे आपण म्हणू का?

सनांसाठी शाळेचे अंगण वापरावे. एक पाऊल म्हणजे दहा वर्षे. १४९८ ला रेघ मारून मुलांना चालायला लावा. एका पावलावर १५१०. पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून गोवा घेतला. दहाव्या पावलाशी १६००. लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. पुढे एका पावलावर सुरतेची वखार, १६१३. बत्तिसाव्या पावलावर १८१८, पेशवाई बुडाली. पंचेचाळिसाव्यावर १९४७, आणि त्याच्या पुढच्या पावलाशी १९६१, गोवा मुक्त झाला. वखार घालणाऱ्यांना राज्य घ्यायला वीस पावले लागली, हे मुलांच्या पायांना कळते.

आता खरा प्रश्न. तराजू घेऊन आलेले लोक राजे कसे झाले? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या एका शहाण्या माणसाने फार पूर्वी दिले आहे. बावड्याचे रामचंद्रपंत अमात्य यांची म्हणून ओळखली जाणारी ‘आज्ञापत्र’ ही राजनीती १७१५ सालची. तीत बजावले आहे, की टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये. द्यावीच लागली तर किनाऱ्यापासून आत द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. ओसरी दिली की पाय पसरतात, हे पंतांनी ओळखले होते. पण आपली राज्ये आपसांत भांडत राहिली, कोणी टोपीकरांच्या तोफा मागितल्या, कोणी फौज. कंपनीच्या पलटणींतले बहुतेक शिपाई याच देशाचे होते. हेही मुलांना सांगावे. सगळा दोष परक्यांवर टाकला, तर धडा अर्धाच राहतो.

आणि आपले लोक मुकाट्याने बसले नाहीत, तेही सांगा. आपल्या शेजारचा, गडहिंग्लज तालुक्यातला सामानगड पाहा. इंग्रजांच्या अंमलाविरुद्ध १८४४ साली गडकऱ्यांनी तिथे उठाव केला. जमले तर मुलांना एकदा त्या गडावर न्यावे.

एवढे करताना मुलांच्या मनात द्वेष भरू नये, आणि परक्यांपुढे दबण्याची सवयही लावू नये. काजू घ्यावा, मिरची घ्यावी, छापखाना आणि नवी विद्याही घ्यावी. पण कोणी काही द्यायला आला, तर बदल्यात काय मागतो हे आधी विचारावे. ही सवय लहानपणी लागली, तर उद्या शेतीमालाचा सौदा करताना आणि कागदावर सही करतानाही ती कामी येईल.

आईबापांनाही एक विनंती आहे. मूल घरी येऊन चुलीपाशी विचारू लागले, ‘हे कुठून आले? ते कोणी आणले?’ तर त्याला गप्प बसवू नका. ठाऊक असेल ते सांगा. नसेल तर ‘उद्या गुरुजींना विचार’ म्हणून शाळेत धाडा.