आधी गोणी दाखवा

दोस्तांनो, कादंबरी लिहून झाली की लगेच छापायला पळू नका. महिनाभर फळीवर टाका. मग वस्तीतल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. ऐकणारा जिथं बिडी शिलगावतो, तिथं कापा.

बहुतेकदा तिथं आपलंच भाषण असतं. नायक गोदीत गोणी वाहतोय आणि दीड पान व्यवस्थेवर बोलतोय. च्यायला, पाठीवर पन्नास किलो असताना कोण बोलतो? गोणी दाखवा. मुकादमाची वही दाखवा. बास.

संपादकानं पात्राचं बदललेलं नाव, चुकलेला काळ दाखवला तर ऐका. ती त्याची मजुरी आहे. पण त्यानं 'न्हाई'चं 'नाही' केलं, म्हातारीची शिवी गाळली, तर पान परत मागा. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपीठा' आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. कैक शब्द त्यांच्या जगातले नव्हतेच. तरी शब्द तसेच छापले गेले. ती कविता होती, पण कादंबरीलाही न्याय तोच.

आणि पहिला खर्डा रद्दीत घालू नका. संपादकानं काय नेलं, ते त्याच्यावरनंच कळतं.