राहिलेले तेवीस किलोमीटर
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा पाठ)



आपल्या डायलिसिस निधीसाठी आम्ही तिघे पुणेकर दक्षिण आफ्रिकेत धावून आलो, त्याचा वृत्तान्त सांगावा अशी विश्वस्तांची आज्ञा झाली. आमच्यापैकी एक बँकेतून निवृत्त झालेले, एक शाळेत गणित शिकविणाऱ्या बाई आणि एक औषधांचे दुकान चालविणारे. तिघांनीही पन्नाशी ओलांडलेली. आम्ही खेळाडू नव्हतो आणि आजही नाही. आम्ही धावू त्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देण्याचे वचन आपल्यापैकी अनेकांनी दिले होते. त्या वचनाचा हिशेब देणे हे आमचे पहिले कर्तव्य आहे. तिघांचे मिळून २५८ किलोमीटर व्हायचे होते, झाले २३५. उरलेल्या २३ किलोमीटरांविषयी आज बोलावयाचे आहे.

ही शर्यत म्हणजे कॉम्रेड्स मॅरेथॉन. नावात मॅरेथॉन असली तरी अंतर तिच्या दुपटीहून अधिक आहे. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेवर गेलेल्या व्हिक क्लॅफम या रेल्वे इंजिनचालकाने आपल्या मृत सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ ती १९२१ साली सुरू केली. त्या वर्षी ३४ जण धावले आणि १६ जणांनी शर्यत पूर्ण केली. आज हजारो लोक धावतात. एके वर्षी समुद्रकाठच्या डर्बनहून डोंगरावरच्या पीटरमारित्झबर्गकडे चढायचे, तर दुसऱ्या वर्षी बहुधा तिकडून खाली उतरायचे, असा तिचा रिवाज आहे. १८९३ साली तरुण गांधीजींना ज्या स्थानकावर रेल्वेच्या डब्यातून उतरविण्यात आले, ते हेच पीटरमारित्झबर्ग. आम्ही ९ जून २०२४ रोजी चढाची शर्यत धावलो. अंतर सुमारे ८६ किलोमीटर आणि मुदत बारा तासांची.

तयारी दीड वर्ष चालली होती. पहाटे चारला उठून कात्रजचा घाट, बोपदेवचा घाट आणि रविवारी सिंहगडाचा रस्ता, असा क्रम होता. पाय तयार झाले. परंतु औषधविक्रेते मित्रांचा उजवा गुडघा शेवटच्या महिन्यात कुरकुरू लागला. 'आता माघार घेतली तर देणगीदारांना काय तोंड दाखवायचे?' असे ते म्हणाले, आणि आम्ही दोघांनी त्यास मान डोलाविली. आमची पहिली चूक तेथे झाली.

पहाटेच्या अंधारात डर्बनच्या नगरभवनासमोर धावपटूंनी 'शोशोलोझा' हे गीत म्हटले. आम्हांस शब्द कळत नव्हते, तरी कंठ दाटून आला. मग कोंबड्याची आरव झाली, तोफ कडाडली आणि आम्ही निघालो. काउइज हिल, फील्ड्स हिल, बोथाज हिल अशी एकामागून एक चढणे आली. मित्रांनी निघताना वेदनाशामक गोळी घेतली होती आणि अर्ध्यावर, ड्रमंड गावी, दुसरी घेतली. गोळी त्यांच्याच दुकानातील होती. तिच्यावरील सूचना त्यांनी गिऱ्हाइकांना शेकडो वेळा वाचून दाखविलेली. शिवाय अंगातले पाणी कमी होऊ नये म्हणून ते प्रत्येक टेबलावर पाण्याच्या दोन-दोन पिशव्या तहान नसतानाही रिचवीत होते. आम्ही त्यांच्या या दक्षतेचे कौतुकच केले.

इंचांगाच्या चढावर त्यांनी प्रथम सांगितले, "डोके दुखते आहे, मळमळते आहे, मी थोडा थांबतो." आम्ही त्यांना थांबू दिले नाही. "पुण्यात लोक किलोमीटर मोजीत बसले आहेत," असे आम्ही म्हणालो. ते हसले आणि चालू लागले. ते वाक्य आम्हांस आजही टोचते. त्या पुढच्या रस्त्यावर अपंग आणि दृष्टिहीन मुलांच्या शाळेतील विद्यार्थी धावपटूंना हात लावण्यासाठी रांगेत उभे असतात. मित्रांनीही प्रत्येक मुलाच्या हातावर हात ठेवला. तेव्हा त्यांची बोटे सुजलेली होती आणि अंगठी मांसात रुतली होती, हे बाईंच्या ध्यानात आले.

या शर्यतीत फलकांवर झालेले अंतर नसते, राहिलेले असते. कॅम्परडाउन ओलांडल्यावर २३ हा आकडा दिसला. बाईंनी सहज विचारले, "म्हणजे झाले किती?" दिवसभर बिलांची बेरीज-वजाबाकी तोंडी करणारा तो गृहस्थ फलकाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "शंभर." बाईंनी त्यांचा दंड धरला तो पुन्हा सोडला नाही. त्यांनी जवळच्या वैद्यकीय स्वयंसेवकास हाक मारली. आठ तास वीस मिनिटे झाली होती.

रुग्णवाहिकेतून त्यांना शेवटच्या टप्प्यावरील वैद्यकीय तंबूत नेण्यात आले. आमच्यापुढे प्रश्न होता की आम्ही काय करावे. तेथील डॉक्टर म्हणाले, "ते आता आमच्या हाती आहेत. तुम्ही पायांनीच तेथे पोहोचा." आम्ही धावत राहिलो. हे योग्य केले की अयोग्य, याविषयी आम्हा दोघांत अजून एकमत नाही. ठरावीक गतीने सर्वांना ओढीत नेणाऱ्या धावपटूंच्या मोठ्या जथ्याला तेथे 'बस' म्हणतात. अशा एका बसमध्ये आम्ही मिसळलो. पॉली शॉर्ट्सचा शेवटचा अवघड चढ जवळजवळ सर्वांनी चालतच पार केला. आम्ही पोहोचलो तेव्हा अकरा तास बावन्न मिनिटे झाली होती. बारा तास भरताच एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून बंदूक झाडतो. त्याने कोणाचा चेहरा पाहावयाचा नसतो. चार पावले मागे राहिलेले लोक तेथेच गुडघ्यांवर बसले. आम्ही पदके खिशात घातली आणि तंबू शोधीत निघालो.

मित्रांच्या रक्तातील सोडियम १२४ झाले होते. ते १३५ च्या खाली नसावे. दीर्घ श्रमांत शरीर पाणी धरून ठेवते, आणि अशा गोळ्या ती प्रवृत्ती वाढवितात. त्यात तहानेहून अधिक पाणी प्याले की रक्तातील क्षार विरळ होतात आणि मेंदूला सूज येऊ शकते. याच शर्यतीत असा प्रकार आढळल्यानंतर टिमथी नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली त्याविषयी शोधनिबंध लिहिला, हे आम्हांस मागाहून कळले. त्या तंबूत त्यांना नेहमीच्या सलाइनऐवजी तीव्र मिठाचे थोडेसे द्रावण दिले गेले. साधे सलाइन बाटल्यांमागून बाटल्या चढविले असते तर अनर्थ ओढवला असता. मध्यरात्री त्यांनी डोळे नीट उघडून पहिले वाक्य उच्चारले, "त्रेसष्ट झाले. तेवढेच लिहा."

परत आल्यावर आपल्याच रुग्णालयात त्यांची तपासणी झाली. मूत्रपिंडावरही ताण आलेला होता. तो ओसरण्यास सहा आठवडे लागले. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी धावणारा माणूस त्यांच्याच शेजारी आपल्या अहवालाची वाट पाहत बसला. त्या बाकावर एका मावशींनी त्यांना सांगितले की, सांधेदुखीच्या गोळ्या त्या अनेक वर्षे कोणासही न विचारता घेत असत आणि पायांवर सूज आली तेव्हा मुलाच्या खर्चाच्या भीतीने बोलल्या नाहीत. आमचे मित्र त्यांना काहीच बोलू शकले नाहीत. त्यांनीही तेच केले होते.

म्हणून आज दोन विनंत्या आहेत. देणगीदारांना अशी की, यापुढे कोणाच्याही धावण्यावर किलोमीटरमागे रक्कम लावू नये. द्यायचे ते आधीच द्यावे, म्हणजे धावणाऱ्याला थांबण्याची मोकळीक राहील. आपला हेतू उदार होता. त्याचे ओझे आम्हीच मित्राच्या खांद्यावर ठेवले. नातेवाइकांना अशी की, घरातील माणूस "मी थोडा थांबतो" किंवा "मला बरे वाटत नाही" असे म्हणाला, तर त्याला धीर देण्यापूर्वी त्याचे ऐकून घ्यावे. आणि वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून रोजची करू नये.

जमलेली रक्कम २३५ किलोमीटरांच्या हिशेबाने निधीत जमा केली आहे. काही देणगीदारांनी राहिलेल्या २३ किलोमीटरांचेही पैसे पाठविले होते. मित्रांनी ते स्वतःच्या हस्ताक्षरातील पत्रासह परत केले. त्यांपैकी बहुतेकांनी तीच रक्कम साधी देणगी म्हणून पुन्हा दिली. त्याची पावती त्यांनी आनंदाने फाडली.

आमचे मित्र आज सभागृहात शेवटच्या रांगेत बसले आहेत. आता ते सकाळी पर्वतीपर्यंत चालतात आणि मनाला येईल तेव्हा थांबतात.