थर्मोस्टॅट आणि रिकामे घर



साहित्याच्या मास्तराने थर्मोस्टॅटवर बोलावे, हे आपणांस विचित्र वाटेल; पण या यंत्राचे एक मूळ शाळेतच आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वॉरेन जॉन्सन हे शिक्षक होते. वर्ग किती तापला, हे पाहण्यास शिपाई वारंवार आत येई आणि शिकवणे खंडित होई. त्यातून त्यांनी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट रचला. १८८३ साली त्याचे पेटंट मिळाले.

आजचे यंत्र वेळापत्रकही पाळते. तेथील ऊर्जा विभागाच्या अंदाजाने रोज ८ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइटने उतरवल्यास वर्षाकाठी १० टक्क्यांपर्यंत खर्च वाचतो. ‘घर पुन्हा तापवण्यात बचत बुडते’ ही समजूत तेथील आपल्या मराठी मंडळींतही ऐकली. ती खरी नव्हे. आतल्या-बाहेरच्या तापमानातील अंतर घटले की भिंतींतून निसटणारी उष्णताही घटते. (उष्णता-पंपाच्या घरांची गोष्ट थोडी निराळी.)

मात्र हे वेळापत्रक दिवसा घर रिकामे आहे, असे गृहीत धरते. मुलीकडे हिवाळा काढला तेव्हा सकाळी सारे बाहेर पडत आणि यंत्र इमानेइतबारे घर गार करी. आत मी आणि माझी शाल! जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश सेल्सिअस असावे, असे सुचवले. वृद्धांना त्याहून अधिक ऊब लागू शकते. मुलीने दिवसाची कपात काढून टाकली, रात्रीची १८ अंशांवर ठेवली. बिल थोडे चढले. तिने ते मला दाखवले नाही. मीच टेबलावर पाहिले.