शाळा बंद असता घरचा अभ्यास
(वार्षिक संमेलनातील भाषण)



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाइल हीच आता शाळा, असा आपल्यातील अनेकांचा समज झाला. कित्येक घरांत मोबाइल एकच. तो दिवसभर वडिलांबरोबर बाहेर, आणि सायंकाळी परत आला की मुलाच्या हाती. मुलगी मात्र भांड्यांपाशी! ही वाटणी आम्हांस मुळीच मान्य नाही. पुढे जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. ती भावाबहिणींस एकत्र बसून पाहता आली, हा तिचा मोठाच गुण.

परंतु पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. पाहिलेले मुलाने आपल्या शब्दांत सांगावे व आईबापांनी ते ऐकावे. आईस लिहितावाचता येत नसले तरी ऐकता येतेच. लहान मुलांकडून तर रोज मोठ्याने वाचून घेणे अगत्याचे. पहिलीतले मूल अक्षरे जितक्या लवकर शिकते, तितक्याच लवकर विसरते. गणितास स्वयंपाकघर पुरे आहे. चौघांना दोन वाट्या तांदूळ, तर सहांना किती? पावकी-निमकी आजोबांकडून घ्यावी. त्यांचाही वेळ बरा जाईल.

चुकीसाठी हात मात्र उगारू नये.

पूर, अतिवृष्टी, साथ यांपायी शाळा पुन्हा बंद पडतील. तेव्हा ज्यांच्या घरी पुस्तके नाहीत अशा शेजारच्या मुलांस आपल्या घरी अभ्यासास बसवावे, मग ती ज्ञातीतील असोत वा नसोत.