राहून गेलेली एक ओळ



मी अमेरिकेत जुनी कॉर्वेट घेतली. तिच्या सायलेन्सरच्या झडपा इंजिनाच्या व्हॅक्यूमने मिटतात. व्हॅक्यूम तुटला की स्प्रिंगने उघडतात आणि गाडी गरजते. पहाटे वस्तीतून जाताना शेजारी उठू नयेत, म्हणून मी आर्डुइनोवर कंट्रोलर केला.

१२ व्होल्टचं सोलेनॉइड नीट चाले. बंद करताच ट्रान्झिस्टर जळे. दोन गेले. तेव्हा नववीचा तास आठवला. विद्युतचुंबकाची वायर सोडताना मला झटका बसला, वर्ग हसला. सर म्हणाले, “प्रवाह एकदम तोडला की कॉइल असा हिसका देते.” मी रुसून वहीत लिहिलंच नाही.

सोलेनॉइडला उलटा डायोड जोडला. तिसरा ट्रान्झिस्टर अजून शाबूत आहे. सर, ती ओळ आता लिहून घेतली आहे.