परका कोण, हे कोणी ठरवायचे?

(कळवण येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बेकायदा आलेल्या परकीयांना देशाबाहेर काढावे की काढू नये, असा प्रश्न सध्या सर्वत्र विचारला जातो. तो असा मांडला की वादाला काही अर्थच उरत नाही. परवान्याविना राहणाऱ्या परकीयास परत पाठविण्याचा अधिकार प्रत्येक राज्यसंस्थेला आहे आणि समाजवाद्यांनी तो नाकारण्याचे काही कारण नाही. खरा मतभेद त्याच्या अलीकडचा आहे. समोरचा माणूस परका आहे हे ठरवायचे कोणी, कोणत्या पुराव्यावर, आणि त्यात चूक झाली तर तिची किंमत कोणी मोजायची?

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. 1971 मध्ये पूर्व बंगालातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा त्यांच्या साहाय्यासाठी आपण टपालावर पाच पैशांचे जादा तिकीट लावीत होतो. पुढे हवा पालटली. युतीच्या राजवटीत, जुलै 1998 मध्ये, मुंबई पोलिसांनी बंगाली बोलणाऱ्या काही मजुरांना बांगलादेशी ठरवून कुर्ला-हावडा गाडीने सरहद्दीकडे रवाना केले. त्यांत जरीकाम करणारे कारागीर होते. हावडा जिल्ह्यातील उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले. यांत आमचेही नागरिक आहेत, असा पश्चिम बंगाल सरकारचा आक्षेप होता. आम्ही कायद्याप्रमाणे वागलो, असे महाराष्ट्र सरकार म्हणत राहिले. दोन राज्ये भांडली. पण संशयिताची शहानिशा कशी व्हावी, याची रीत काही त्या भांडणातून निघाली नाही.

ती न निघाल्याचे फळ सत्तावीस वर्षांनी दिसले. 2025 च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून पकडलेले पश्चिम बंगालमधील काही मजूर बांगलादेशच्या हद्दीत ढकलले गेले आणि त्यांच्या राज्याने कागदपत्रे पुढे केल्यावर त्यांना परत आणावे लागले. त्याच सुमारास दिल्लीत पकडलेल्या बीरभूम जिल्ह्यातील एका गर्भवती स्त्रीलाही सीमेपार धाडण्यात आले. कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये ती कारवाई रद्द ठरविली. तरी ती मायदेशी परतली डिसेंबरात. मधले महिने तिने परक्या मुलखात काढले.

असे का घडते? फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. परकीय नागरिकांविषयीच्या 1946 च्या कायद्यात तो उलटा होता. ‘मी परका नाही’ हे संशयितानेच सिद्ध करायचे. केवळ आसामपुरता वेगळी तरतूद करणारा 1983 चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये रद्द केला. 1946 च्या कायद्याच्या जागी 2025 मध्ये नवा कायदा आला, पण पुराव्याचा भार होता तिथेच राहिला. म्हणजे ज्याच्यापाशी कागद सर्वांत कमी, त्याच्याकडेच कागद सर्वांत जास्त मागायचे! आसामात 31 ऑगस्ट 2019 रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदवहीतून 19 लाख 6 हजार 657 माणसे वगळली गेली आणि ती नोंदवही मागणारेही तिच्यावर नाराज झाले.

हे सारे दूरचे आहे, असे कळवणकरांनी समजू नये. आपल्या तालुक्यातून वाहणारी गिरणा जिथे मोसमला भेटते, त्या मालेगावात जानेवारी 2025 मध्ये उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांवरून वादळ उठले. परकीयांना खोटे दाखले मिळाले, असा आरोप भाजपचे नेते किरीट सोमय्या यांनी केला. शासनाने विशेष तपास पथक नेमले. दाखले खोटे असतील तर ते देणारा अधिकारी आणि दलाल यांना शिक्षा झालीच पाहिजे. परंतु त्याबरोबर राज्यभर उशिराच्या नोंदींचे काम थांबविले गेले आणि नंतर त्यांची पद्धत अधिक कडक झाली. याचा फटका कोणाला? ज्याचा जन्म पाड्यावर झाला, ज्याची नोंद कोणी केली नाही आणि ज्याच्या नावापुढे गुरुजींनी 1 जून ही तारीख लिहून टाकली, त्या आपल्या कोकणा आणि भिल्ल बांधवांनाही तो बसतो. हा माणूस उद्या मजुरीसाठी गुजरातेत गेला आणि तिथल्या शिपायाने त्याच्या बोलीवरून त्याला परका ठरविले, तर तो काय दाखविणार?

हद्दपारीचा आग्रह धरणारे सारेच द्वेषाने बोलतात, असे मानू नका. बाहेरून आलेला मजूर कमी पैशांत राबतो आणि त्यामुळे आमची मजुरी पडते, ही त्यांची तक्रार ऐकण्याजोगी आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच विचारतो की तो कमी पैशांत का राबतो? त्याचे पोट इतरांपेक्षा लहान नसते. पोलिसांत देण्याची धमकी मालकाच्या हाती असते, म्हणून तो राबतो. हद्दपारीची भीती जितकी वाढेल, तितका हा मजूर अधिक स्वस्त होईल आणि शेजारच्या स्थानिक मजुराचा भाव तितकाच खाली येईल. छापा पडला की मजूर गाडीत बसतो. ठेकेदार मात्र दुसऱ्या दिवशी नवी माणसे आणतो. म्हणून जो मजुरीच्या रक्षणासाठी हद्दपारी मागतो, त्याने आधी किमान वेतनाची अंमलबजावणी मागावी.

आपली भूमिका यातून निघते. संशयिताच्या मूळ गावी चौकशी पुरी झाल्याविना आणि न्यायासनापुढे त्याला वकिलासह बाजू मांडू दिल्याविना कोणालाही सीमेपार नेऊ नये. भाषा, पेहराव वा धर्म हा पुरावा मानू नये. किमान वेतन बुडविणाऱ्या मालकावर, मजूर कुठलाही असो, खटला भरावा. आणि उशिराच्या जन्मनोंदी बंद न करता शासनाने स्वतः पाड्यापाड्यांवर जाऊन त्या कराव्यात.

एवढे झाल्यावर जो खरोखर परका ठरेल, त्याला त्याच्या देशाने स्वीकारल्यानंतर सन्मानाने परत पाठवावे. याला कोणी दुबळेपणा म्हणेल. परंतु आपल्याच नागरिकाला रात्री सीमेपार लोटणाऱ्या आणि मग त्याला आणायला जाणाऱ्या राज्याला बलवान तरी कसे म्हणावे? येत्या पंधरवड्यात आपल्यापैकी प्रत्येकाने एका पाड्यावर जाऊन तिथे किती मुलांच्या जन्माची नोंद नाही याची यादी करावी आणि ती तहसील कचेरीत द्यावी. या वादात कळवणने करण्याजोगे काम ते आहे.