नोटेवरची सही

(मंडळाच्या गणेशोत्सवात छंदांविषयीच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला बजावले आहे की नोटांबद्दल काय ते बोला, पण आटोपशीर बोला, मागून मुलांची नाटिका आहे. तेव्हा प्रस्तावना राहू द्या. प्रत्येकाने खिशातली एक नोट काढावी. देखाव्यासाठी वर्गणी गोळा करायचा हा नवा मार्ग नाही, घाबरू नका.

नोटेवर एक छापील सही आहे. ती रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची, आणि तिच्या वर धारकाला तेवढे रुपये देण्याचे वचन आहे. रुपयाच्या नोटेवर मात्र असे वचन नाही आणि गव्हर्नरांची सहीही नाही. ती नोट भारत सरकार काढते, सही अर्थखात्याच्या सचिवाची असते आणि कायद्याने ती नाणेच समजली जाते. १९४० साली युद्धामुळे चांदीची टंचाई झाली तेव्हा चांदीच्या रुपयाऐवजी ही नोट आली, त्यावर सी. ई. जोन्स यांची सही होती. पुढे १९९४ साली तिची छपाई थांबली आणि २०१५ साली पुन्हा सुरू झाली.

सह्यांवरून नोटा जमवणारे खूप आहेत, मीही त्यातलाच. यात गमती सापडतात. मनमोहन सिंग यांची सही रुपयाच्या नोटेवर सचिव म्हणून आहे आणि मोठ्या नोटांवर गव्हर्नर म्हणून. शक्तिकांत दास यांचेही तसेच. आपली मराठी नावे पाहा. आंबेगावकर १९५७ साली ४५ दिवस गव्हर्नर होते. त्या पदावरची त्यांची सही नोटेवर आली नाही, पण आधी सचिव असताना रुपयाच्या नोटेवर आली होती. आडारकर १९७० साली ४२ दिवसच होते, तरी गांधी शताब्दीच्या नोटांवर त्यांची सही आहे. आणि पहिले भारतीय गव्हर्नर, रायगड जिल्ह्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख! १९४३ ते १९४९ या काळात त्यांनी हे पद सांभाळले. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको.

पण माझा खरा जीव दुसऱ्याच सह्यांवर आहे. नोटेवर पेनाने केलेल्या सह्या.

याला इंग्रजीत 'शॉर्ट स्नॉर्टर' म्हणतात. बाप्पासमोर सांगतो म्हणून क्षमा असावी, पण त्याचा अर्थ पेगापेक्षा कमी, छोटासा घोट. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या वैमानिकांनी ही प्रथा पाडली. बरोबर उडणाऱ्यांनी एकमेकांच्या नोटेवर सह्या करायच्या आणि ती नोट कायम जवळ बाळगायची. पुढे कधी भेट झाली आणि नोट दाखवता आली नाही, तर दंड म्हणून सगळ्यांना पाजायचे. दुसऱ्या महायुद्धात हे फार पसरले. ज्या देशात उतरतील तिथली नोट आधीच्या नोटेला चिकटपट्टीने जोडायची, असे करत काहींच्या नोटांची गुंडाळी हातभर लांब झाली. रूझवेल्ट आणि चर्चिल यांनीसुद्धा अशा नोटेवर सह्या केल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्या खरगपूरशी काय संबंध? फार जवळचा आहे.

१९४४ साली अमेरिकेची बी-२९ ही तेव्हाची सर्वांत मोठी बाँबफेकी विमाने आपल्या आसपास होती. खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दूधकुंडी, कलाईकुंडा. यातल्या किती नावांच्या पाट्या आपण गाडीच्या खिडकीतून रोज बघतो! त्यांचे मुख्यालय हिजलीच्या बंदीगृहात होते. याच इमारतीत १९३१ साली राजबंद्यांवर गोळीबार झाला आणि इथेच १९५१ साली आय.आय.टी. सुरू झाली. तिथले संग्रहालय आपण मुलांना दाखवून आणतो.

या विमानांची पहिली मोहीम ५ जून १९४४ ची. लक्ष्य कोणते? बँकॉकचे मक्कासान रेल्वे वर्कशॉप! रेल्वे वर्कशॉपच्या गावाहून निघून दुसऱ्या गावाचे रेल्वे वर्कशॉप फोडायचे. मी स्वतः वर्कशॉपमधला, त्यामुळे हे वाचले तेव्हा जेवण गोड लागले नाही. त्या दिवशी ९८ विमाने उडाली. दहाच दिवसांनी, १५ जूनला, चीनमधल्या तळांवरून यांनीच जपानच्या यावाताचा पोलाद कारखाना गाठला. चीनच्या तळांवर पेट्रोल नव्हते, तेही यांनीच हिमालय ओलांडून आधी नेऊन टाकायचे. इंजिने नवी होती आणि भयंकर तापत. त्या काळात शत्रूपेक्षा बिघाडाचीच धास्ती जास्त होती. पोरे विशी-बाविशीची. उद्या परत येऊ की नाही ठाऊक नाही, म्हणून आज एकमेकांची नावे नोटेवर.

अशी एक नोट मी हातात धरली आहे. वर्कशॉपमधून कधीच निवृत्त झालेल्या एका फिटर आजोबांच्या घरी, त्यांच्या वडिलांच्या ट्रंकेत होती. दोन रुपयांची. दोनची नोट १९४३ साली नवीन आली होती. त्यावर छापील सही देशमुखांची, आणि पांढऱ्या जागेत निळ्या शाईत पाच अमेरिकन नावे. एकाखाली 'ओहायो' लिहिलेले आणि कोपऱ्यात 'चाकुलिया ४४'. आजोबांना एवढेच ठाऊक होते की साहेब लोकांनी वडिलांना दिली. मी वहीत ती नावे जशीच्या तशी उतरवून घेतली. एक नाव शेवटपर्यंत लागले नाही.

आजोबा गेल्यावर घरच्यांनी ती नोट विकली. त्यांना दोष देत नाही, घर रिकामे करायचे होते. व्यापाऱ्याच्या हिशेबाने मात्र पेनाने लिहिलेली नोट म्हणजे खराब नोट. त्याने ती औषधाने धुतली आणि इस्त्री केल्यासारखी सरळ करून मलाच दाखवली. "बघा साहेब, आता कसली स्वच्छ झाली!" देशमुखांची सही शाबूत होती. पोरांची नावे गेली. आता ती माझ्या वहीत आहेत, चार पुरती आणि एक अर्धवट.

माझे मत स्पष्ट आहे. जुन्या नोटेवरचे लिखाण पुसू नये आणि चालू नोटेवर नवे लिहू नये. रिझर्व्ह बँकही नोटेवर लिहू नका असेच सांगते. मात्र लिहिलेली नोट चालत नाही ही अफवा आहे, बँकेला ती घ्यावी लागते. २०१६ साली दहाच्या नोटेवर लिहून कोण्या सोनमची देशभर बदनामी केली गेली, तीही नोट चालतच असणार. आणखी एक, त्याच वर्षी बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा कोणी जपल्या असतील तर कायद्याने दहापर्यंतच जवळ ठेवता येतात, नाणेसंग्राहकाला किंवा अभ्यासकाला पंचवीस.

मग मी सह्या घेतो कशावर? चूरनच्या पुडीतल्या 'चिल्ड्रन बँके'च्या नोटेवर! आमच्या सेक्शनमध्ये महिनाअखेरीला कोणाचा सेंड-ऑफ असला की त्याची सही अशा नोटेवर घेतो आणि मागच्या नोटेला चिकटवतो. बंगाली, तेलुगू, ओडिया, हिंदी, सगळ्या लिप्यांतल्या सह्या आहेत. एका खलाशीकाकांनी आयुष्यभर पगारपत्रकावर अंगठा उमटवला होता. त्यांनी नातीकडून आठ दिवस गिरवून घेतले आणि मग नोटेवर सही केली. ती करताना त्यांनी शॉपमध्ये सगळ्यांना गप्प बसवले होते.

आता विनंती. आपल्यातल्या काही घराण्यांचे आजोबा-पणजोबा बंगाल नागपूर रेल्वेच्या काळात इकडे आले. त्यांच्या ट्रंका, पोथ्या, जुनी सर्व्हिस बुके एकदा चाळा. राजाच्या चित्राची नोट निघाली आणि तिच्यावर काही खरडलेले दिसले, तर लिंबू, साबण, व्यापारी यांच्याकडे जायच्या आधी मला हाक मारा. मला नोट नको, फक्त नावे उतरवू द्या. वही घेऊन उद्या आरतीनंतर प्रसादाच्या टेबलाशी बसतो आहे. ते पाचवे नाव कोणाला लागते का, तेही बघा.